मृत्यूच्या नोंदवहीपासून सुरुवात : शहरी आरोग्य आणि हवामानबदल या विषयात संशोधक व्हायचे असेल तर

प्रश्न असा आहे : ‘मी आयुर्वेदाची पदवी घेतली, नंतर सार्वजनिक आरोग्यात एमपीएच केले आणि सध्या पुण्यात एका संस्थेत प्रकल्प सहायक म्हणून काम करतो. हवामानबदलाचा शहरांतल्या लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, याच विषयात पुढे संशोधन करावे असे वाटते. हवामानशास्त्र शिकलेलो नाही आणि गणित बारावीनंतर सुटले. काय शिकावे, काम कुठे मिळेल आणि परदेशी गेल्याशिवाय भागेल का?’

हवामानशास्त्राची पदवी नाही, ही चिंता आधी सोडून द्या. या विषयात हवामानाची बाजू आपल्या हाती बऱ्यापैकी तयार येते. तापमान, आर्द्रता आणि पाऊस यांच्या अनेक दशकांच्या नोंदी भारतीय हवामान विभागाच्या पुण्यातल्याच राष्ट्रीय माहिती केंद्राकडून रीतसर अर्ज करून मिळतात, आणि त्यांचा अर्थ लावण्यात अडचण आली तर पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था तुमच्या शहरातच आहे. या क्षेत्रातली कामे अडतात ती आरोग्याच्या बाजूला. एखाद्या शहरात एखाद्या दिवशी किती माणसे दगावली, कशाने दगावली आणि ती कुठे राहत होती, या तीन साध्या प्रश्नांची विश्वासार्ह उत्तरे मिळवणे हे हवामानाचे प्रारूप चालवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. म्हणून माझा सल्ला उलट्या टोकाने सुरू होतो : एक शहर निवडा, त्या शहराची महापालिका माणसे कशी मोजते हे मुळापासून समजून घ्या, आणि निदान दहा वर्षे ते शहर सोडू नका.

यातली पहिली पायरी म्हणजे मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना ४ आणि रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी नमुना ४अ भरला जातो. त्यात मृत्यूचे तात्कालिक कारण, त्यामागचे कारण आणि त्याही मागचे मूळ कारण अशा ओळी एकाखाली एक असतात, आणि खाली मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर आजारांची वेगळी जागा असते. आता असे समजा, की मे महिन्यातल्या दुपारी स्लॅबच्या कामावरून परतलेला मधुमेही मजूर घरी कोसळला आणि रात्री गेला. पहिल्या ओळीत ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ असे लिहिले जाते, पुढच्या ओळी बहुधा कोऱ्या राहतात, आणि फार तर मधुमेहाची नोंद होते. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात उष्णतेच्या परिणामांसाठी टी ६७ आणि नैसर्गिक अतिउष्णतेच्या संपर्कासाठी एक्स ३० असे स्वतंत्र संकेतांक आहेत, पण दाखल्यावर उष्णतेचा उल्लेखच नसेल तर संकेतांक देणारा कर्मचारी ते कुठून लिहिणार? त्यातही हा दाखला प्रत्येक मृत्यूसाठी मिळतोच असे नाही. देशात २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. एमपीएचला हे सगळे एका तासात शिकवून पुढे जातात. माझ्या मते प्रत्यक्ष नोंदवह्या पुढ्यात घेऊन त्यावर काही आठवडे घालवले पाहिजेत.

मग उष्णतेने होणारे मृत्यू मोजायचे कसे? कारणाच्या रकान्याकडे न पाहता एकूण मृत्यू मोजायचे. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला, तेव्हा नंतर अभ्यासकांनी शहरातल्या सर्व कारणांच्या मृत्यूंची तुलना आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतल्या मे महिन्यांशी केली. त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू जास्तीचे निघाले, म्हणजे नेहमीपेक्षा सुमारे ४३ टक्के अधिक. उष्माघाताचे निदान झालेले रुग्ण त्यात फार थोडे होते. उष्णता बहुतेक वेळा आधीच थकलेल्या हृदयावर, मूत्रपिंडांवर आणि फुफ्फुसांवर वार करते, आणि मृत्यूचे खापर त्या आजारांवर फुटते. याच अभ्यासाच्या पायावर गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेतले डॉ. दिलीप मावळणकर, अहमदाबाद महापालिका आणि त्यांचे परदेशी सहकारी यांनी २०१३ मध्ये दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा उभा केला. त्यात वापरलेली पद्धत पदवीच्या विद्यार्थ्यालाही समजेल इतकी साधी होती. अवघड होते ते महापालिकेकडून दिवसवार मृत्यूंचे आकडे मिळवणे आणि ते जाहीर करायला तिची संमती मिळवणे.

त्याच शहरातले दुसरे उदाहरण मला व्यक्तिशः अधिक आवडते. शारदाबेन या महापालिकेच्या रुग्णालयात बाळ-बाळंतिणींचा प्रसूती कक्ष सर्वात वरच्या मजल्यावर होता, थेट तापलेल्या गच्चीखाली. तिथल्या डॉक्टरांनी आपल्याच दाखल नोंदींवरून दाखवून दिले, की तापमान ४२ अंशांपुढे गेल्यावर दर अंशामागे उष्णतेशी संबंधित कारणाने नवजात अतिदक्षता विभागात दाखल होणाऱ्या बाळांचे प्रमाण ४३ टक्क्यांनी वाढत होते, आणि कक्ष तळमजल्यावर हलवल्यानंतर ते लक्षणीय घटले. ना उपग्रह, ना महासंगणक. प्रश्न एका कक्षापुरता होता, उत्तर त्या कक्षात अमलात आणता येण्याजोगे होते, आणि तरीही तो शोधनिबंध जगभर उद्धृत होतो. तुमच्या पीएचडीचा विषय ठरवताना एवढा लहान प्रश्न निवडायला कमीपणा मानू नका.

एका शहराचा आग्रह मी का धरते, हे उष्णतेचा इशारा ज्या तापमानाला द्यायचा त्या उंबरठ्यांवरून समजेल. अहमदाबादच्या आराखड्यात ४३.१ अंशांपासून नारिंगी आणि ४५ अंशांपासून लाल इशारा ठेवला गेला, कारण तिथल्या मृत्यूंचा आलेख त्या टप्प्यांवर वर वळत होता. हे आकडे उचलून कोकणपट्टीत लावले तर इशारा द्यायची वेळच येणार नाही. हवामान विभागही सपाट प्रदेशासाठी ४० अंश आणि किनारपट्टीसाठी ३७ अंश असे वेगळे किमान निकष वापरतो, शिवाय सरासरीपेक्षा ४.५ अंशांची वाढ अपेक्षित असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा परिसरातले कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीराला थंड व्हायला दुसरा मार्ग फारसा उरत नाही. त्यात तासन्‌तास ऊन, गर्दी आणि उतारवय यांची भर पडली. तेव्हा नागपूरचा उंबरठा वेगळा, मुंबईचा वेगळा आणि पुण्याचा आणखी वेगळा असणार, आणि प्रत्येक ठिकाणी तो तिथल्याच मृत्यूंवरून काढावा लागणार. महाराष्ट्रातल्या बहुतेक मध्यम शहरांसाठी असे काम अजून नीट झालेले नाही. सोलापूर, अकोला, चंद्रपूर ही नावे तुमच्यासारख्या तरुण संशोधकाने हेरून ठेवावीत अशीच आहेत.

आता सुटलेल्या गणिताविषयी. बारावीचे कलन पुन्हा काढून बसण्याची गरज नाही, पण कालमालिकेची, म्हणजे दिवसामागून दिवस नोंदलेल्या आकड्यांची, संख्याशास्त्रीय पद्धत मात्र अंगवळणी पडलीच पाहिजे, आणि तीही ‘आर’ या मोफत संगणकीय भाषेत स्वतःच्या हाताने. या क्षेत्राचा गाभा एका कल्पनेत आहे : कारण आज घडते आणि परिणाम किती दिवसांनी दिसतो. उष्णतेचा फटका त्याच दिवशी आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत बसतो, तर थंडीचा परिणाम दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसची लक्षणे साधारण पाच ते चौदा दिवसांनी दिसू लागतात, म्हणून पुरानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे निर्णायक असतात आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिबंधक औषध लक्षणे दिसण्याआधी पोटात जावे लागते. डेंग्यूचे गणित आणखी लांबते, कारण पाऊस, साठलेले पाणी, अळी, डास, विषाणूची डासाच्या शरीरात वाढ आणि मग माणूस, अशी साखळी पुरी व्हायला एक ते तीन महिने जातात. प्रत्येक कारणाचा परिणाम किती दिवसांवर आणि कोणत्या वक्राने पसरतो, हे एकत्र मांडणाऱ्या पद्धती गेल्या पंधरा वर्षांत प्रमाण ठरल्या आहेत आणि त्यांची आज्ञावली मोफत उपलब्ध आहे. ती चालवणे सोपे आहे, इतके की तिच्यातून काहीही निष्पन्न करून दाखवता येते. म्हणून पॉइसाँ प्रतिगमन (रोजच्या मृत्यूंसारख्या मोजलेल्या आकड्यांसाठीची पद्धत), ऋतुमानाचे नियंत्रण आणि आठवड्याच्या वारांचा प्रभाव हे आधी कागदावर समजून घ्या.

एक सापळा मुद्दाम सांगते, कारण तो तुमच्या शहरातच आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली, आणि शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची आहे. या काळातले मृत्यू सलग आलेखावर मांडले तर मधेच उडी दिसेल आणि तिचा उष्णतेशी काडीचाही संबंध नसेल. दिवसागणिक होणाऱ्या बदलांच्या अभ्यासात लोकसंख्येचा प्रश्न थोडा सौम्य होतो, कारण एका आठवड्यात शहर बदलत नाही. पण मृत्यूदर काढायचा म्हटला की छेद, म्हणजे लोकसंख्या, कोणता घेतला याचा हिशेब द्यावाच लागतो. शिवाय शहरातल्या रुग्णालयात दगावलेला माणूस मुळशीचा असू शकतो किंवा बीडचाही. मृत्यूच्या नोंदीत मृत्यूचे ठिकाण आणि कायमचा पत्ता हे दोन्ही असतात, आणि यांतले तुम्ही काय वापरले हे शोधनिबंधात न सांगणारे अनेक जण भेटतील.

तापमानाच्या बाजूलाही एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. शहरातल्या उष्ण बेटांचे, म्हणजे आजूबाजूपेक्षा जास्त तापणाऱ्या भागांचे, लालभडक नकाशे हल्ली प्रत्येक सादरीकरणात असतात. ते बहुधा लँडसॅट उपग्रहाच्या प्रतिमांवरून काढलेले असतात. हा उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून जातो, सोळा दिवसांनी परत येतो, आणि मोजतो ते जमिनीच्या आणि छपरांच्या पृष्ठभागाचे तापमान. माणूस मात्र पत्र्याखालच्या खोलीत रात्री अकरा वाजता तळमळत असतो. ते तापमान हवे असेल तर खोलीतच मापक ठेवावा लागतो. बटणाएवढी नोंदयंत्रे आता मिळतात, पण ती कुठे टांगायची यावर सगळे अवलंबून असते : शेगडीपासून लांब, भिंतीला न चिकटवता, झोपणाऱ्या माणसाच्या उंचीच्या जवळपास. घरातली बाई साफसफाईत ते उचलून खिडकीत ठेवते, लहान मूल खेळायला घेते, आणि भाडेकरूने खोली बदलली की यंत्रही त्याच्याबरोबर जाते. दर आठवड्याला जाऊन पाहणारे कोणी नसेल, तर महिन्याअखेरीस हाती येणारे आकडे कशाचे आहेत हे कोणालाच सांगता येत नाही. केंद्रावरच्या नोंदींचीही हीच मर्यादा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. कुलाब्याच्या पावसावरून कुर्ल्यातल्या लेप्टोचा अंदाज बांधणाऱ्याचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

वस्तीत गेल्याशिवाय काही कार्यकारणभाव सुचतच नाहीत. उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या, असा संदेश प्रत्येक आराखड्यात असतो. गोवंडी-मानखुर्दसारख्या भागांत सार्वजनिक शौचालय लांब आहे, रांग आहे, पैसे पडतात आणि रात्री तिथे जायची भीती वाटते, म्हणून अनेक बायका दिवसभर हिशेबानेच पाणी पितात. मग मूत्रमार्गाचा संसर्ग आणि उन्हाचा त्रास एकाच घरात, एकाच बाईला होतो, आणि आपल्या विदागारात (माहितीच्या साठ्यात) मात्र ते दोन वेगळ्या रकान्यांत पडतात. हे आरोग्यसेविकांना आणि आशा कार्यकर्त्यांना ठाऊक असते. त्यांना फुकटच्या सर्वेक्षक समजू नका. त्यांच्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे धरा आणि प्रश्नावली छापण्याआधी ती त्यांना वाचून दाखवा. (उष्णतेवरच्या कार्यशाळा मात्र इतक्या थंडगार सभागृहांत होतात, की शाल घेऊन जावे लागते.)

महापालिकेशी वागण्याचे शास्त्र कोणत्याही विद्यापीठात शिकवत नाहीत, पण करिअर त्यावरच तरते किंवा बुडते. आरोग्यप्रमुखांच्या नावे संस्थेच्या प्रमुखांचे पत्र, त्यावर आवक क्रमांक, सोबत नैतिकता समितीच्या मंजुरीची प्रत आणि नेमके कोणते रकाने हवेत याची यादी, एवढे हाती असल्याशिवाय जाऊच नका. मृतांची नावे आणि दूरध्वनी क्रमांक मागू नका. वय, लिंग, दिनांक, प्रभाग आणि कारण एवढ्यावर बहुतेक अभ्यास होतात, आणि कमी मागणाऱ्याला लवकर मिळते. अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात, जन्म-मृत्यू विभागातले लिपिक राहतात. जुने बाड कुठल्या कपाटात आहे आणि कोणत्या वर्षी संगणक प्रणाली बदलल्यामुळे नोंदी तुटल्या, हे तेच सांगतात. निष्कर्ष निघाले की छापून येण्याआधी दोन पानांचे मराठी टिपण आरोग्यप्रमुखांना नेऊन द्या. आपल्या शहरात किती माणसे उन्हाने गेली हे ज्या अधिकाऱ्याला वर्तमानपत्रातून कळते, तो पुन्हा दार उघडत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. वेळापत्रकही उलटे मोजा. एप्रिलमध्ये यंत्रे लावायची असतील तर नैतिकता समितीकडे अर्ज गणपतीच्या सुमारास गेला पाहिजे; अनुदान जूनमध्ये मंजूर होऊन उन्हाळा हुकल्याची उदाहरणे मी दरवर्षी पाहते.

‘हवामानबदलामुळे’ हा शब्दप्रयोग जपून करा, असेही सांगेन. पृथ्वीचे तापमान वाढले आहे, यात वाद नाही; ४३ देशांतल्या ७३२ ठिकाणांच्या अभ्यासात १९९१ ते २०१८ या काळातल्या उष्णताजन्य मृत्यूंपैकी सरासरी ३७ टक्के मानवनिर्मित तापमानवाढीमुळे झाले, असे निघाले. पण तुमच्या प्रभागातली रात्र गरम होण्यात टेकडीवरची झाडे गेल्याचा, नाला बंदिस्त केल्याचा आणि शेजारच्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रांचाही वाटा असतो. दोन्हींची सरमिसळ केली तर महापालिकेला हात झटकायला जागा मिळते, कारण जागतिक तापमानवाढ तिच्या अखत्यारीत नाही. कोणता वाटा शहराने स्वतः ओढवून घेतला आहे हे वेगळे दाखवणारा अभ्यास अधिक उपयोगी पडतो, आणि अनुदानाच्या अर्जात तो कमी आकर्षक दिसतो हेही खरे.

कामाच्या जागांबद्दल स्पष्ट सांगते. सुरुवातीची सात-आठ वर्षे बहुधा प्रकल्पावर, अकरा महिन्यांच्या करारांवर जातील. घरचा खर्च तुमच्यावर असेल तर हे आधीच घरात बोलून ठेवा. पाठ्यवृत्ती देणारी नेट ही राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण होणे हा त्यातल्या त्यात स्थिर मार्ग आहे. पीएचडीसाठी मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुणे विद्यापीठाचा आरोग्यविज्ञान विभाग, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतले अच्युत मेनन केंद्र आणि गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था पाहा. पर्यावरणीय आरोग्यासाठी भोपाळला आणि व्यावसायिक आरोग्यासाठी अहमदाबादला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) राष्ट्रीय संस्था आहेत. कामगार आणि उष्णता हा विषय दुसरीत चांगला बसतो. नागपूरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, विसरू नका. सरकारी बाजूने, २०१९ पासून राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या देखरेखीखाली हवामानबदल व मानवी आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे, राज्याराज्यांत त्याचे नोडल अधिकारी आहेत आणि मार्च ते जुलै या काळात उष्णतेच्या आजारांची दैनंदिन नोंद होते. मुंबईने २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला, आणि अशा आराखड्यांची अंमलबजावणी तपासणाऱ्या माणसांची गरज पालिकांना पुढे वाढतच जाणार आहे. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या पाहू नका. त्यांचे आधीचे विद्यार्थी पहिल्या क्रमांकाचे लेखक म्हणून किती वेळा आले आणि पीएचडीनंतर आज काय करतात, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारा.

आयुर्वेदाची पदवी अडसर ठरेल का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असणार. काही वैद्यकीय महाविद्यालयांतल्या पदांसाठी एमबीबीएस लागते, तिथे अर्ज करता येणार नाही. बाकी संशोधनात तो प्रश्न पहिल्या चांगल्या शोधनिबंधानंतर कोणी काढत नाही. उलट रुग्णाशी बोलण्याची आणि दाखल्यावरची अक्षरे लावण्याची तुम्हाला असलेली सवय भूगोलाच्या किंवा अभियांत्रिकीच्या वाटेने आलेल्या सहकाऱ्यांकडे नसते.

परदेशी जाणे अपरिहार्य नाही, पण योग्य वेळी गेल्यास फार उपयोगी पडते. लंडन स्कूल ऑफ हायजीनसारख्या ठिकाणी पद्धतीशास्त्र जसे घासूनपुसून घेतात तसे आपल्याकडे अजून क्वचितच होते. मात्र एमपीएच झाल्याझाल्या रिकाम्या हाताने गेलात तर तिथल्या कोणाच्या तरी विदेवर त्यांच्या प्रश्नाचे उत्तर शोधत बसाल. आधी एका शहराच्या दहा वर्षांच्या दिवसवार मृत्यूंची नोंद मिळवून, तपासून, स्वच्छ करून ठेवा, आणि ती घेऊन वर्ष-दोन वर्षांसाठी जा. मग मार्गदर्शक तुम्हाला बरोबरीने वागवतात. परदेशी संस्थेशी आरोग्य संशोधनात सहकार्य करताना आरोग्य मंत्रालयाच्या तपासणी समितीची मंजुरी लागते आणि तिला महिने लागतात. शिवाय ती माहिती देशाबाहेरच्या संगणकावर ठेवता येईल का, तिच्यावर हक्क कोणाचा आणि शोधनिबंधात महापालिकेच्या अधिकाऱ्यांची नावे कशी येतील, हे विमानाचे तिकीट काढण्याआधी महापालिकेच्या परवानगीपत्रातच लिहून घ्या.